उपम्याचे नाव काढणारे आचारी

मनमाड जंक्शन आपल्याला नवे नाही. गाडी थांबते. कुणी चहा मागतो, कुणी वडा. विकणारा घाईत, घेणारा त्याहून घाईत. पदार्थ कुणी रांधला, हे कोण विचारतो? आचाऱ्याचे नाव कुणाला ठाऊक नसते.

पण मुंबईच्या एका आचाऱ्याचे नाव अमेरिकेत गाजले. त्यांचे नाव फ्लॉइड कार्डोझ. घराणे मूळचे गोव्याचे. जन्म मुंबईत, १९६० साली.

कॉलेजात ते जीवरसायनशास्त्र शिकले. सजीवांच्या शरीरात काय काय घडते, त्याचे हे शास्त्र. मग त्यांच्या हाती एक इंग्रजी कादंबरी पडली. तिचे नाव ‘हॉटेल’, लेखक आर्थर हेली. ती वाचली आणि त्यांचे मन पालटले. आपण हॉटेलातच काम करायचे, असे त्यांनी ठरवले. एखादे पुस्तक माणसाला कुठे नेईल, काय सांगावे! आधी मुंबईत, मग स्वित्झर्लंडमध्ये ते हे काम शिकले. पुढे अमेरिकेत न्यूयॉर्कला गेले.

तिकडच्या बड्या हॉटेलांत फ्रेंच स्वयंपाकाला मोठा मान. भारतीय जेवण म्हणजे स्वस्तातले आणि तिखटजाळ, अशी बऱ्याच जणांची समजूत. कार्डोझ ‘लेस्पिनास’ या फ्रेंच धाटणीच्या हॉटेलात लागले. तिथले मुख्य आचारी होते ग्रे कुन्झ. त्यांच्या हाताखाली कार्डोझ तयार झाले.

१९९८ साली न्यूयॉर्कमध्ये ‘तबला’ नावाचे हॉटेल निघाले. होय, आपला वाजवायचा तबला, तेच नाव! मालक डॅनी मायर, मुख्य आचारी कार्डोझ. मासळी नि भाजी तिकडची, मसाला आपला. तिथल्या मोठ्या वर्तमानपत्राने त्याला चारपैकी तीन तारे दिले. बारा वर्षे हॉटेल चालले. २०१० च्या अखेरीस ते बंद पडले.

तरी २०११ साली कार्डोझांचे नाव पुन्हा सगळ्यांच्या तोंडी आले. टेलिव्हिजनवर नामांकित आचाऱ्यांची स्पर्धा होती. शेवटच्या फेरीत त्यांनी काय केले असेल? उपमा! कुणी त्याला उपीट म्हणतात, कुणी सांजा. अवचित पाहुणा आला की आपल्या घरी रवा भाजायला घेतात, तोच हा पदार्थ. त्यांनी त्यात अळंबी घातली, नारळाचे दूध नि कोकम वापरले. परीक्षकांनी खाल्ले, आणि कार्डोझ जिंकले. बक्षीस एक लाख डॉलरच्या वर होते. ते सारे त्यांनी कर्करोगाच्या संशोधनाला दिले. त्यांचे वडील त्याच रोगाने गेले होते.

पुढे मुंबईत २०१५ साली ‘बॉम्बे कँटीन’ आणि २०१७ साली गोव्याच्या जेवणाचे ‘ओ पेद्रो’ सुरू झाले. दोन्हींत ते भागीदार होते. आपल्या जेवणाला तिकडे मान मिळाला, मग इकडे का मिळू नये?

२०२० च्या मार्चमध्ये ते मुंबईला येऊन परत अमेरिकेला गेले. तिथे त्यांना करोनाने गाठले. २५ मार्चला ते वारले. वय ५९. त्याच दिवशी आपल्या देशात टाळेबंदी सुरू झाली होती. प्रवासी गाड्या बंद होत्या, आणि मनमाडच्या फलाटावर चहा मागायलाही कुणी नव्हते.