सिंगल फेज मोटरला व्हीएफडी चालेल का?

प्रश्न : वर्कशॉपमधल्या लहान लेथला १ एचपीची सिंगल फेज, कपॅसिटर स्टार्ट मोटर आहे. व्हीएफडी लावून तिचा वेग कमी-जास्त करता येईल का?

उत्तर : या मोटरला व्हीएफडी, म्हणजे पुरवठ्याची वारंवारता (हर्ट्झ) बदलून वेग बदलणारा ड्राइव्ह, लावू नका. तिचं स्टार्टिंग वाइंडिंग आणि कपॅसिटर काही क्षणांपुरतेच असतात. पूर्ण वेगाच्या साधारण पाऊण भागाला सेंट्रिफ्युगल स्विच त्यांना बाजूला करतो. चार पोलची मोटर ३० हर्ट्झवर चालवली, तर ती मिनिटाला ९०० फेऱ्यांपुढे जाणारच नाही. मग स्विच उघडत नाही आणि ते वाइंडिंग सतत तापून जळतं. शिवाय २५ हर्ट्झवर कपॅसिटरचा अवरोध दुप्पट होतो, सुरुवातीचा जोर घटतो. ड्राइव्हमधून निघणारे तुटक पल्स कपॅसिटरला सोसत नाहीत, ते वेगळंच.

‘पंख्याचा वेग बदलतो, मग याचा का नाही?’ असं कुणी म्हणेल. पंख्याला स्टार्टिंग स्विच नसतो आणि वेग घटला की हवेचा भारही झपाट्याने उतरतो. कायमचा कपॅसिटर असलेल्या अशा मोटरसाठी खास ड्राइव्ह मिळतातही. लेथवर मात्र कमी वेगातही पूर्ण जोर लागतो.

म्हणून मोटरच बदला, थ्री फेजची घ्या. सिंगल फेज घेऊन थ्री फेज देणारा व्हीएफडी बाजारात सहज मिळतो. तो २३० व्होल्टच देतो, त्यामुळे ४१५ व्होल्टची स्टार जोडणीची मोटर डेल्टात जोडावी लागेल. सहाही टोकं बाहेर काढलेली आहेत ना, हे घेतानाच पाहा. खर्च वाढेल खरा, पण जुनी मोटर विकता येते आणि उलट फिरवणं फुकटात मिळतं.