थरांचें बळ

दहा पोस्टकार्डें एकावर एक ठेवून वांकविलीं, तर तीं सहज वांकतात. कारण प्रत्येक कार्ड शेजारच्या कार्डावरून घसरतें. तींच खळीनें चिकटवून दाबाखालीं वाळविलीं, म्हणजे फळीप्रमाणें ताठ राहतात. कागद तोच, फरक केवळ सांध्याचा. लढाऊ विमानांच्या रचनेंत हेंच तत्त्व कसें उपयोगास आलें, तें आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

लांकूड तंतूंच्या दिशेनें बळकट व आडव्या दिशेनें दुबळें असतें. म्हणून त्याचे पातळ पापुद्रे, तंतु एकमेकांस आडवे येतील असे, चिकटवितात; हेंच प्लायवुड होय. इंग्लंडांतील डी हॅविलंड कंपनीनें बर्च लांकडाच्या प्लायवुडाच्या दोन थरांमध्यें अति हलकें बाल्सा लांकूड घालून ‘मॉस्किटो’ विमानाचें धड बनविलें. असा पत्रा वांकूं लागला म्हणजे बाहेरचा एक थर ताणला जातो व दुसरा दाबला जातो. मधलें बाल्सा त्यांस परस्परांपासून दूर धरितें. त्यामुळें वजन फारसें न वाढतां ताठपणा पुष्कळ वाढतो. हें विमान २५ नोव्हेंबर १९४० रोजीं प्रथम उडालें. फर्निचराच्या कारखान्यांतूनही त्याचे भाग तयार होत.

परंतु त्याच्या सांध्यांची खरी कसोटी हिंदुस्थानांत लागली. कांहीं विमानें मोडून पडल्यामुळें नोव्हेंबर १९४४ मध्यें येथील मॉस्किटोंचीं उड्डाणें थांबविण्यांत आलीं. पंखांच्या कांहीं सांध्यांत फटी राहून गोंदानें नीट धरलेंच नव्हतें, असें चौकशींत आढळलें. कारागिराच्या हातून राहिलेली एक बारीक फट, आणि तिचें मोल वैमानिकाचा प्राण! पुढें पंखाच्या सांध्यावर प्लायवुडाची पट्टी बसवून पाण्यास अटकाव करण्यांत आला.

आज लांकडाच्या जागीं कार्बनचे तंतु आले आहेत. राळेंत भिजविलेले त्यांचे थर निरनिराळ्या कोनांत रचून, उष्णता व दाब देऊन घट्ट करितात. ४ जानेवारी २००१ रोजीं प्रथम उडालेल्या भारतीय ‘तेजस’ विमानाच्या सांगाड्याचें सुमारें ४५ टक्के वजन अशाच पदार्थांचें आहे. येथेंही भय तेंच. एखादें हत्यार वर पडून आंतले थर सुटले, तरी बाहेरून कित्येकदां कांहींच दिसत नाहीं. म्हणून कानास ऐकूं न येणारा सूक्ष्म ध्वनि आंत सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून सुटलेला थर शोधून काढितात.

विद्यार्थ्यांनीं पोस्टकार्डांचा प्रयोग अवश्य करून पाहावा. आणि दुसऱ्या खेपेस मधल्या एका कार्डास मुद्दाम अर्धीच खळ लावावी. वरून दोन्ही फळ्या सारख्याच दिसतील. वांकवितांच कोणती दगा देते, तें हातास कळेल.