हेम्पचं तेल आणि बोटीवरचं मेडिकल

प्रश्न : माझा मुलगा क्रूझ बोटीवर किचनमध्ये कामाला आहे. कॉन्ट्रॅक्ट संपवून सध्या सुट्टीवर घरी आलाय. केस गळतात म्हणून त्याने हरमलच्या एका दुकानातून हेम्प ऑइल आणलं. रोज रात्री ते केसांना चोळतो आणि गुडघे दुखतात म्हणून सकाळी चमचाभर पोटातही घेतो. पुढच्या महिन्यात त्याचं मेडिकल आहे, त्यात ड्रग टेस्ट असते. गांजाला तो कधी शिवलेला नाही. या तेलामुळे त्याची टेस्ट पॉझिटिव्ह येईल का?
– एक आई, मये (डिचोली)

उत्तर : ताई, बाटलीत खरोखरच हेम्पच्या बियांचं तेल असेल, त्यावर अन्न म्हणून विकायचा परवाना छापलेला असेल आणि मुलगा एखाद्‌-दुसऱ्या चमच्यापलीकडे जात नसेल, तर लघवीची टेस्ट पॉझिटिव्ह येण्याची शक्यता फारच कमी आहे. केसांना लावल्याने तर लघवीत काही उतरत नाही. पण ही सगळी हमी बाटलीत काय आहे यावर उभी आहे. म्हणून हे उत्तर वाचून झालं की ती बाटली हातात घ्या आणि लेबल नीट वाचा.

हेम्प, भांग, गांजा ही एकाच झाडाची घराणी. नशा आणणारा पदार्थ म्हणजे टीएचसी. तो मादी झाडाच्या फुलोऱ्यावरच्या चिकट राळेत असतो. बीच्या आतल्या गरात तो जवळजवळ नसतोच. बी मात्र त्याच फुलोऱ्यात वाढते, त्यामुळे राळेचा अंश तिच्या टरफलाला चिकटून राहतो. बिया न धुता, न पाखडता घाण्यात घातल्या की तो अंश तेलात उतरतो. नीट साफ केलेल्या बियांच्या तेलात तो नगण्य राहतो. एवढ्या एका फरकावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

आपल्याकडे भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२१ मध्ये हेम्पच्या बिया, त्यांचं पीठ आणि तेल यांना अन्न म्हणून मान्यता दिली आणि मर्यादाही घालून दिली. तेलात एका किलोमागे जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम टीएचसी चालतं. आता हिशेब करून बघू. मोठा चमचाभर तेल म्हणजे साधारण १४ ग्रॅम. तेल अगदी मर्यादेच्या टोकाला असलं तरी त्या चमच्यातून ०.१४ मिलिग्रॅम टीएचसी पोटात जाईल. आणि दहा टक्के टीएचसी असलेल्या अर्धा ग्रॅम गांजात तेच ५० मिलिग्रॅम असतं.

०.१४ मिलिग्रॅमने टेस्ट बिघडते का? हे माणसांवर तपासून झालं आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पंधरा जणांना दहा-दहा दिवस ठरावीक मात्रेत टीएचसी असलेलं तेल दिलं गेलं. सर्वांत मोठी मात्रा दिवसाला ०.६ मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या मुलाच्या चमच्याच्या चौपटीहून जास्त. कामाच्या ठिकाणच्या टेस्टमध्ये सहसा ५० नॅनोग्रॅमची सीमा धरतात. त्या सीमेवर या सर्वांत मोठ्या मात्रेत फक्त एक नमुना पॉझिटिव्ह आला, त्याखालच्या मात्रांत एकही नाही. पक्क्या तपासणीत सर्वांत जास्त आकडा आला तो ५.२ नॅनोग्रॅमचा, आणि तिथली सीमा आहे १५.

मग तेलाने माणसं फेल होतात ही बोलवा आली कुठून? ती खोटी नाही, जुनी आहे. १९९० च्या दशकात बाजारातली तेलं अशी साफ नसायची. १९९७ साली अमेरिकेत दुकानातलं तेल पिऊन लघवी पॉझिटिव्ह आल्याचे अहवाल वैद्यकीय नियतकालिकांत छापून आले. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी तपासलेल्या तेलात एका ग्रॅममागे १,५०० मायक्रोग्रॅम टीएचसी निघालं. आपल्या आजच्या मर्यादेच्या दीडशे पट! ते तेल घेतलेल्यांना नशाही चढली आणि सहा दिवसांपर्यंत लघवीची टेस्ट पॉझिटिव्ह येत राहिली. अमेरिकेच्या हवाई दलाने १९९९ मध्ये आपल्या जवानांना हेम्पच्या बियांचं तेल वापरायलाच बंदी केली, ती याच काळात.

तुमच्या मुलाच्या बाबतीत माझी खरी काळजी वेगळी आहे. 'हेम्प ऑइल' या नावाखाली आज निरनिराळी तेलं विकली जातात. एक खाण्याचं, बियांचं. दुसरं सीबीडी तेल, म्हणजे याच झाडातल्या सीबीडी नावाच्या दुसऱ्या द्रव्याचा अर्क. तिसरं आयुर्वेदिक औषध म्हणून विकलं जाणारं विजया तेल. आयुर्वेदात भांगेला विजया म्हणतात, आणि या तेलात पानांचा अर्क असतो. त्यात टीएचसी मुळातच असतं, कधी बऱ्यापैकी. म्हणूनच भांग औषधाच्या कायद्यातल्या ई-१ या विषारी द्रव्यांच्या यादीत आहे (त्यातून बिया वगळल्या आहेत) आणि असं औषध वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायचं असतं. सांधेदुखीवर म्हणून जी तेलं पुढे केली जातात त्यांत हे तेल हमखास असतं. मुलाने गुडघ्यासाठी घेतलंय असं तुम्ही लिहिलंत, म्हणून इथे थोडा थांबतो.

सीबीडीने स्वतः नशा येत नाही आणि टेस्ट सीबीडी शोधतही नाही. अडचण अशी की बाटलीवर लिहिलेलं आणि बाटलीतलं जुळतंच असं नाही. २०१७ साली अमेरिकेत ऑनलाइन विकली जाणारी ८४ सीबीडी उत्पादनं तपासली गेली. त्यातल्या २६ चीच लेबलं बरोबर निघाली. १८ मध्ये टीएचसी सापडलं. गोव्यात हेम्पच्या लागवडीला परवानगीच नाही. डिसेंबर २०२० मध्ये औषधी भांगेच्या लागवडीचा प्रस्ताव कायदा खात्यापर्यंत गेला, त्यावर केवढा गदारोळ झाला ते वाचकांना आठवत असेल, आणि तो मागे पडला. म्हणजे हरमल-मांद्र्याच्या दुकानात येणारी प्रत्येक बाटली बाहेरून आलेली असते. परदेशी पाहुण्याने आणलेली, लेबल नसलेली किंवा हाताने चिठ्ठी चिकटवलेली बाटली असेल, तर तिच्यातला एक थेंबही पोटात जाऊ देऊ नका.

आता लेबलाकडे या. खाण्याच्या तेलावर अन्न प्राधिकरणाचा १४ आकडी परवाना क्रमांक असतो आणि घटकांत बियांचं तेल एवढंच लिहिलेलं असतं. विजया, पानांचा अर्क, सीबीडी किंवा 'फुल स्पेक्ट्रम' यांपैकी काही दिसलं, किंवा अन्नाच्या परवान्याऐवजी आयुष औषधाचा परवाना दिसला, तर ते वेगळं तेल आहे. लहान ड्रॉपरच्या बाटलीत थेंबांनी मोजून घ्यायचं तेल बहुधा अर्काचंच असतं. बियांचं तेल चमच्याने घेतात, ते हिरवट असतं आणि त्याला शेंगदाण्या-अक्रोडासारखा वास येतो.

केसांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्याकडे तेल म्हटलं की आधी डोक्याला लागतं. बोटीच्या मेडिकलला बहुतेक वेळा लघवीच तपासतात, काही कंपन्या मात्र केसांचीही तपासणी करतात. इंग्लंडमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दहा जणांनी सहा आठवडे रोज केसांना बाजारातलं हेम्प तेल लावलं. बहुतेकांच्या केसांत या झाडाचं एखादं तरी द्रव्य सापडलं, आणि काहींच्या केसांत टीएचसीही. पण टीएचसी पोटात किंवा फुप्फुसात गेल्यावर शरीर त्याचं जे रूपांतर करतं, तो पदार्थ एकाच्याही केसांत आढळला नाही. म्हणजे प्रयोगशाळेने तो पदार्थ शोधला तर बाहेरून लावलेलं तेल ओळखू येतं. नुसतं टीएचसी बघून शिक्का मारला, तर निष्पाप माणूस अडकतो. केसांची टेस्ट होणार असेल तर हे तेल आजच बंद करावं, खोबरेल आहेच.

लघवीच्या टेस्टमध्ये शरीराने बनवलेला तोच पदार्थ शोधतात. आधी किटवर चाचणी होते, त्यात पॉझिटिव्ह आलं तर यंत्रावर पक्की तपासणी. यंत्र प्रमाण अचूक सांगतं, पण तो गांजातून आला की तेलातून, हे सांगू शकत नाही. नंतर 'मी तेल घेत होतो' म्हटल्याने कागद बदलत नाही. अमेरिकेच्या वाहतूक खात्याने फेब्रुवारी २०२० मध्ये स्पष्टच बजावलं, की सीबीडी घेतल्याचं कारण ग्राह्य धरलं जाणार नाही. खेळाडूंचे नियम वेगळे आहेत. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २०१३ मध्ये आपली सीमा १५ वरून १५० नॅनोग्रॅमवर नेली आणि २०१८ पासून सीबीडीला यादीतून वगळलं. बोटीवरच्या माणसाला ही सवलत नाही.

तेव्हा करायचं काय? पोटात घेणं आजपासून थांबवा, तेल कोणतंही असो. बियांचं असेल तर मेडिकलपर्यंत काही उरणार नाही. अर्काचं निघालं आणि तो आठवडेच्या आठवडे घेत असेल, तर सावध व्हा. टीएचसी चरबीत साठतं, आणि रोज घेणाऱ्याच्या लघवीत ते काही आठवडे सापडू शकतं. अशा वेळी मेडिकलच्या आठ दिवस आधी चांगल्या खाजगी प्रयोगशाळेत स्वखर्चाने लघवी तपासून घ्या, आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर तारीख पुढे ढकलता येते का ते एजंटला विचारा. लिंबूपाणी, काढे, इंटरनेटवरची 'शरीर साफ करणारी' औषधं यांच्या नादी लागू नका. अतिपातळ लघवी प्रयोगशाळेला लगेच कळते आणि संशय वाढतो. मेडिकलच्या डॉक्टरला सध्या काय काय घेतो ते आधीच सांगावं. बाटली आणि बिलही जपून ठेवा.

आणखी एक, हे नोकरीपेक्षाही महत्त्वाचं आहे. जॉइनिंगला जाताना ही बाटली बॅगेत नको. सिंगापूर आणि संयुक्त अरब अमिरातीत असं तेल बाळगणं अंमली पदार्थांच्या गुन्ह्यात मोडू शकतं. भारतात दुकानातून बिल घेऊन आणलंय हे तिथे ऐकलं जात नाही.

गुडघ्यांचं म्हणाल तर दिवसभर किचनमध्ये उभं राहणाऱ्या तरुणाचे गुडघे अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवायला हवेत. बियांच्या तेलाने सांधे बरे होतात याला भक्कम पुरावा नाही. त्यातलं ओमेगा-३ हवं असेल तर जवसात ते अधिक मिळतं, आणि आपल्या बांगड्या-तारल्यांतही चांगलं मिळतं. खाणी २०१२ मध्ये थांबल्यावर डिचोली तालुक्यातल्या घरांना एका पगाराची किंमत काय असते ते पुरतं कळलं आहे. ज्याच्यावाचून काही अडत नाही अशा चमचाभर तेलासाठी तो पगार पणाला लावू नका. आणि बाटलीवर नेमकं काय लिहिलंय ते मला जरूर कळवा. तेल अर्काचं असेल तर मेडिकलच्या आधी काय करायचं ते पुढच्या अंकात सविस्तर लिहीन.