धडा: होम थिएटरच्या कॉम्प्युटरला ग्राफिक्स कार्ड कोणतं द्यायचं?



आजचा धडा कॉम्प्युटर असेंब्ली, रिपेअरिंग किंवा टीव्ही-सीसीटीव्ही फिटिंगचा छोटा धंदा करणाऱ्यांसाठी आहे. स्वतःच्या घरी टीव्हीला जोडायला पीसी बनवणार असाल, तरी तो तितकाच कामाला येईल.

आमच्या बॅचमधल्या एकाचं भिवंडीजवळ वळ गावात कॉम्प्युटरचं दुकान आहे. वळ, दापोडा, माणकोली हा सगळा गोदामांचा पट्टा. त्याचं रोजचं काम म्हणजे गोदामांतले बिलिंगचे कॉम्प्युटर आणि प्रिंटर. एका शेठनी नवीन घर बांधलं आणि हॉलमधल्या ६५ इंची टीव्हीसाठी पीसी मागितला. म्हणाले, "चांगल्यात चांगलं टाक." याने गेमिंगचं मोठं कार्ड टाकलं. तिसऱ्या दिवशी शेठचा फोन: "अरे बाबा, पिक्चर मस्त दिसतो, पण शांत सीन आला की तुझा पंखाच ऐकू येतो!"

कार्ड परत घ्यावं लागलं. बॉक्स उघडलेला, त्यामुळे पुढे ते सेकंडहँड म्हणूनच विकलं गेलं. नफा गेलाच, वर पदरचे पैसे गेले.

आता तुम्ही म्हणाल, यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेल्या भिवंडीकराला पंख्याचा काय त्रास? दिवसा नाहीच होणार. पण रात्री अकरा वाजता रस्त्यावरचे कंटेनर कमी झाले, दारं-खिडक्या बंद झाल्या, की तोच पंखा कानात शिरतो. दुकानात कूलर चालू ठेवून टेस्टिंग केलं तर हा आवाज तुम्हाला कधीच कळणार नाही.

मूळ मुद्दा: ताकद नको, डिकोडर हवा

गेम खेळताना कार्डाची पूर्ण ताकद लागते. पिक्चर बघताना लागत नाही. व्हिडिओ उलगडायचं काम कार्डातला एक छोटा वेगळा भाग करतो, त्याला डिकोडर म्हणतात. तुमच्या व्हिडिओचा फॉरमॅट त्या डिकोडरला कळत असेल, तर २० ते ३० वॅटचं कार्डही ४के पिक्चर आरामात चालवतं. कळत नसेल, तर सगळं ओझं प्रोसेसरवर पडतं, तो तापतो आणि त्याचाही पंखा ओरडायला लागतो.

आज तीन फॉरमॅट लक्षात ठेवा: एचईव्हीसी १०-बिट (४के एचडीआर पिक्चर), व्हीपी९ आणि एव्ही१ (यूट्यूबचे ४के व्हिडिओ).

ग्राहकाला विचारायचे पाच प्रश्न

१. काय बघणार? फक्त पिक्चर, यूट्यूब, क्रिकेट? की मुलं गेमही खेळणार?

२. टीव्ही ४के आहे का? असेल तर एचडीएमआय २.० किंवा वरचं पोर्ट लागेल. एचडीएमआय १.४ वर ४के फक्त ३० हर्ट्झला मिळतं. मग मॅचमध्ये बॉल अडखळत जाताना दिसतो, आणि ग्राहक म्हणतो तुमचा पीसी स्लो आहे.

३. प्रोसेसर कोणता? इंटेलच्या मॉडेल नंबरच्या शेवटी 'एफ' असेल तर त्यात ग्राफिक्स नाही, कार्ड घ्यावंच लागेल.

४. पीसी कुठे ठेवणार? टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात की उघड्यावर?

५. कॅबिनेट केवढं? स्लिम असेल तर लो प्रोफाइल कार्ड आणि त्याची छोटी पट्टी लागते.

ही उत्तरं लिहून घ्या. तोंडी ठेवू नका.

आता निवड

*कार्डच नको:* इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या एक्सई ग्राफिक्समध्ये एव्ही१सह तिन्ही फॉरमॅट चालतात. नुसतं बघायचंच असेल आणि मदरबोर्डवर एचडीएमआय २.० असेल, तर ग्राहकाला सरळ सांगा: "शेठ, कार्डाची गरज नाही." जास्तीचा पंखाच नाही, तर आवाज कुठून येणार?

*जीटी ७१०:* स्वस्त आहे, फॅनलेस मिळतं, १९ वॅट. पण एचईव्हीसी कळत नाही आणि ४के ३० हर्ट्झवरच अडकतं. होम थिएटरला देऊ नका.

*जीटी १०३०:* २०१७चं कार्ड, ३० वॅट, फॅनलेस मिळतं. एचईव्हीसी १०-बिट आणि व्हीपी९ चालतं, एव्ही१ नाही. जुन्या पीसीला जीवदान द्यायला ठीक. पण इथे एक खड्डा आहे. २०१८मध्ये याच नावाने डीडीआर४ मेमरीचं कार्ड आलं. जीडीडीआर५ वाल्याचा मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबी, डीडीआर४ वाल्याचा जेमतेम १७. नाव एकच, माल वेगळा. बॉक्सवर 'जीडीडीआर५' वाचल्याशिवाय पैसे देऊ नका, मग माल लॅमिंग्टन रोडवरून आणा की ऑनलाइन मागवा.

*आरएक्स ६४००:* ५३ वॅट, छोटं, पण एव्ही१ डिकोडर नाही. यूट्यूब जास्त बघणाऱ्याला टाळा.

*आरटीएक्स ३०५० ६ जीबी:* २०२४चं, ७० वॅट, वेगळी पॉवर केबल न लागणारी मॉडेल मिळतात, तिन्ही फॉरमॅट चालतात. थोडं गेमिंगही हवं असेल तर हे. मात्र याच नावाचं ८ जीबीचं कार्ड १३० वॅटचं आहे. तिथेही बॉक्स वाचा.

पंखा असलेलं कार्ड घेताना दोन गोष्टी बघा. एक, लोड कमी असताना पंखा पूर्ण थांबतो का. दोन, पंखा मोठा आहे का. मोठा पंखा सावकाश फिरून तेवढीच हवा देतो. छोटा पंखा जोरात फिरतो आणि किणकिणतो.

फॅनलेस म्हणजे बिनधास्त नाही

पंखा नसला तरी उष्णता तयार होतेच. मे महिन्यात बंद कप्प्यात फॅनलेस कार्ड ठेवलंत तर ते तापणारच. कप्प्याची मागची फळी कापून घ्या, वर मोकळी जागा सोडा. आपल्याकडे ट्रकांची धूळही भरपूर, म्हणून दर सहा महिन्यांनी ब्लोअर मारायची व्हिजिट ठरवा आणि तिचे पैसे घ्या. कार्डावर एकदाच कमाई होते, सर्व्हिसवर दरवर्षी होते.

विजेचा हिशोबही ग्राहकाला करून दाखवा. समजा दोन पीसींमध्ये ४० वॅटचा फरक आहे आणि रोज पाच तास वापर आहे. रोज २०० वॅट-तास, म्हणजे वर्षाला ७३ युनिट. बिलावरचा दर लावून रुपये काढा.

डिलिव्हरीआधीची टेस्ट

यूट्यूबवर ४के व्हिडिओ लावा, राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा, फॉरमॅट बघा. मग टास्क मॅनेजरच्या जीपीयू पानावर 'व्हिडिओ डिकोड'चा आलेख हलतोय का ते बघा. सपाट असेल तर काम प्रोसेसर करतोय. शेवटी ग्राहकाच्या हॉलमध्ये पंखे बंद करून, सोफ्यावर बसून दोन मिनिटं नुसतं ऐका.

वळच्या आपल्या मित्राने शेठच्या पीसीतून कार्ड काढलं आणि प्रोसेसरच्या ग्राफिक्सवरच टीव्ही चालू करून दिला. शेठ म्हणाले, "हे पहिल्यांदाच का नाही केलंस?" नंतर त्यांच्याच ओळखीतून त्याला दोन घरांची कामं मिळाली. पहिलं नुकसान भरून निघायला मात्र वेळ लागला. तो वेळ तुमचा वाया जाऊ नये, म्हणून हा धडा.

गृहपाठ: वरचे पाच प्रश्न एका कागदावर छापून काउंटरवर ठेवा. पुढचा ग्राहक "चांगल्यात चांगलं टाक" म्हणाला, की किंमत सांगायच्या आधी तो कागद पुढे करा.

भेटू पुढच्या धड्यात.