फेफरे आणि घेरी : उपदेशकांसाठी एक पाठ

शास्त्रभाग : मार्क ९:१४–२९, मत्तय ४:२३–२४, १ शमुवेल ३०:११–१२



खेड्यांतील पुष्कळ मंडळ्यांस हा प्रसंग परिचयाचा आहे. उपासना चालली असता कोणी तरुण वा लेकरू एकाएकी ओरडून खाली पडते. अंग ताठते, हातपाय झटकू लागतात, तोंडास फेस येतो. कोणी कांदा हुंगवितो, कोणी जोडा नाकाशी धरतो, कोणी दातखिळी उघडावयास चमचा शोधतो; आणि मागून हळूच शब्द येतो, “ही बाहेरची बाधा आहे.” त्या घटकेस सर्वांचे डोळे उपदेशकाकडे वळतात. त्याने काय करावे हे त्यास आधीच ठाऊक असले पाहिजे, म्हणून हा पाठ आम्ही देत आहो.

१. हा रोग कोणता?

ह्यास आपण फेफरे, मिरगी किंवा फीट म्हणतो. वैद्यकात ह्याचे नाव अपस्मार. स्मृतीचा लोप होतो म्हणून हे नाव पडले, आणि चरकसंहितेतही ह्याची गणना रोगांतच केलेली आहे. मेंदूचे सर्व काम सूक्ष्म विद्युत्‌प्रवाहाने चालते. तो प्रवाह काही क्षण बेताल झाला म्हणजे झटका येतो. जन्मसमयी झालेली इजा, डोक्यास लागलेला मार, मेंदूचा ताप, पट्टकृमीची अंडी पोटात जाऊन मेंदूत झालेल्या गाठी, अशी ह्याची अनेक कारणे आहेत. पुष्कळांच्या बाबतीत कारण सापडतच नाही. हा रोग स्पर्शाने लागत नाही, उष्ट्याने लागत नाही, फेसानेही लागत नाही. जगात सुमारे ५ कोटी लोकांस तो आहे.

प्रत्येक झटक्यात मनुष्य पडतोच असे नाही. एखादे मूल शाळेत बोलता बोलता थांबते, काही क्षण शून्य दृष्टीने पाहते व पुन्हा भानावर येते. हाही फेफऱ्याचाच एक प्रकार असू शकतो. असे मूल वरचेवर दिसले, तर त्यास आळशी म्हणून मारू नये, डॉक्टरांस दाखवावे.

२. शास्त्र काय शिकविते?

मत्तयाच्या चवथ्या अध्यायात प्रभूकडे आणलेल्या दुखणेकऱ्यांची यादी आहे. तीत भूतग्रस्त निराळे सांगितले आहेत आणि फेफरेकरी निराळे. हा भेद सुवार्तिकाने स्वतः केला आहे. मग जो फेफरेकरी तो भूतग्रस्तच, असे म्हणण्यास आधार कोठे राहिला? मूळ ग्रीक शब्द चंद्रावरून आलेला आहे, कारण हा रोग चंद्रामुळे होतो असे त्या काळचे लोक समजत. आपल्याकडेही अमावास्या-पौर्णिमेचे भय अद्याप पुरते गेलेले नाही.

कोणी विचारील, “पण मार्काच्या नवव्या अध्यायातील मुलाचे काय?” त्या मुलास आत्म्याने ग्रासले होते असे शास्त्र सांगते, आणि ते आम्ही नाकारीत नाही. परंतु प्रभू अंतर्यामी होता, आपण नाही. त्या एका मुलावरून गावच्या प्रत्येक रोग्यास बाधा ठरविण्याचा अधिकार आपणांस कोणी दिलेला नाही. प्रभूने तेथे काय केले ते मात्र नीट पाहावे. त्याने बापास विचारले की, ह्याला असे किती काळापासून होत आहे? आज डॉक्टरही प्रथम हेच विचारतात. बापाने सांगितले की, लहानपणापासून. आणि तो पुष्कळदा विस्तवात व पाण्यात पडला आहे. आपल्या घरची चूल आणि शेतातली विहीर, हीच ती दोन संकटे नव्हेत काय? शेवटी प्रभूने त्या मुलाचा हात धरून त्यास उठविले. त्याने मारले नाही, बांधले नाही, धुरी दिली नाही.

हे आम्ही मुद्दाम लिहितो. भूत काढण्याच्या नावाखाली मनुष्यास दोराने वा साखळीने बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे, पादत्राण भिजविलेले पाणी पाजणे, हे सर्व महाराष्ट्रात कायद्याने अपराध आहे. ह्या कायद्यासाठी झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुणे शहरात खून झाला, आणि त्याच वर्षी तो कायदा झाला. ह्या अपराधास ६ महिन्यांपासून ७ वर्षांपर्यंत कैद आहे. देवऋषी हे करो की प्रार्थना करणारा ख्रिस्ती मनुष्य करो, कायद्यास दोघे सारखेच. आणि प्रभूपुढे तर आपला दोष अधिकच.

३. झटका आला असता

गर्दी दूर करावी. जवळची चूल, दगड, विळा, कोयता बाजूस सारावा. डोक्याखाली मऊ कापड घालावे व गळ्याजवळची गुंडी सैल करावी. हातपाय दाबून धरू नयेत. तोंडात चमचा, बोट, पाणी, काहीही घालू नये. जीभ गिळली जात नाही, पण चमच्याने दात मात्र मोडतात. झटके थांबताच रोग्यास कुशीवर वळवावे, म्हणजे लाळ बाहेर जाईल. घड्याळ पाहावे. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात, आणि ते कांद्याने वा जोड्याने थांबले असा आपला समज होतो. पाच मिनिटे होऊनही झटका थांबला नाही, शुद्धीवर न येता दुसरा आला, रोगी गरोदर असली, किंवा हा पहिलाच झटका असला, तर १०८ ह्या क्रमांकावर गाडी बोलवावी. पूर्ण भान येईपर्यंत कोणी तरी जवळ बसावे व आपुलकीने बोलावे.

४. औषध व प्रार्थना

नियमाने औषध घेतल्यास दहांपैकी सुमारे सात जणांचे झटके बंद होऊ शकतात. फेनोबार्बिटोन हे औषध १९१२ पासून व फेनिटॉइन १९३८ पासून वापरात आले. त्यांनंतर आणखी पुष्कळ निघाली. पुण्यात स्टेशनाजवळ ससून रुग्णालय आहे. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून ते उभे राहिले व १८६७ साली उघडले. अशा सरकारी रुग्णालयात गरिबासही तपासणी व औषध मिळू शकते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. सभेत प्रार्थना होते, रोग्यास बरे वाटते, आणि कोणी म्हणतो, “विश्वास आहे ना? मग गोळ्या टाकून दे.” बंधूंनो, हा उपदेश प्राण घेऊ शकतो. औषध एकाएकी बंद केले असता झटक्यामागून झटके येतात व मनुष्य मरूही शकतो. हिज्कीया राजाने रडून प्रार्थना केली, देवाने ती ऐकली, आणि तरीही यशयाने गळवावर अंजिरांचा लेप लावावयास सांगितले. प्रभूने कुष्ठी शुद्ध केला, तेव्हा त्यासही याजकाकडे जाऊन स्वतःस दाखविण्याची आज्ञा केली. तर बरे झालेल्याने आधी डॉक्टरांस दाखवावे. ते सांगतील तेव्हा व सांगतील तसेच औषध कमी करावे. ह्यात अविश्वास नाही.

आणखी एक. जागरण व उपाशीपोट यांनी झटका येण्याचा संभव वाढतो. ज्यास हा रोग आहे त्यास रात्रभराच्या प्रार्थनेस व उपवासास बसवू नये. त्याने वेळेवर जेवावे, पुरेसे निजावे. एकट्याने विहिरीवर वा नदीवर जाऊ नये. अशा बहिणीने चुलीपाशी एकटे असू नये. मूल होऊ देण्यापूर्वी तिने डॉक्टरांस विचारावे, कारण काही औषधे गर्भास अपायकारक असतात. पण आपण होऊन औषध सोडू नये.

५. घेरी निराळी

घेरी येते तेव्हा मेंदूस काही क्षण रक्त कमी पोहोचते. फार वेळ उभे राहणे, ऊन, भूक, रक्त पाहणे, दुःखाची वार्ता, ही तिची नेहमीची कारणे होत. डोळ्यांपुढे अंधारी येते, घाम सुटतो, चेहरा पांढरा पडतो, आणि आडवे होताच मनुष्य लवकर सावध होतो. त्यास उताणे निजवावे, पाय उंच करावे, वारा घालावा. दाविदाच्या लोकांस रानात एक मिसरी तरुण सापडला. तीन दिवस त्याच्या पोटात अन्नपाणी नव्हते. त्यांनी त्यास भाकर, पाणी, अंजीर व सुकी द्राक्षे दिली, आणि त्याच्या जिवात जीव आला. परंतु रोगी शुद्धीवर आल्यावाचून मुखात काही देऊ नये. मेहनत करीत असता घेरी आली, छातीत दुखले किंवा धडधडले, तर हृदयाची तपासणी अवश्य करावी.

६. मंडळीचे कर्तव्य

झटका काही मिनिटांत जातो. लोकांचे बोलणे जन्मभर राहते. मुलीचे लग्न मोडेल म्हणून आईबाप रोग लपवितात, आणि सासरी औषध चोरून घ्यावे लागते किंवा सुटते. हिंदू विवाह कायद्यात व विशेष विवाह कायद्यात वारंवार फेफरे येणे ही विवाहास अडचण मानली होती. १९९९ साली संसदेने ती काढून टाकली. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी हा रोग स्वतः सोसून ‘संवेदना’ नावाचा गट उभा केला. तेथे रोगी व आप्त मोकळेपणी बोलू लागले, आणि अशांचे विवाह जुळविण्याचेही काम त्या गटाने केले. सरकारने जी अडचण काढली ती आपण मंडळीत ठेवावी काय? सत्य आधी सांगून विवाह जुळवावा, आणि मंडळीने त्या घराच्या पाठीशी उभे राहावे.

जन्मांधाविषयी शिष्यांनी विचारले होते की, पाप कोणाचे? ह्याचेही नाही, ह्याच्या आईबापांचेही नाही, असे प्रभूने उत्तर दिले. हेच उत्तर आपल्या मंडळीत दुमदुमावे.

शिकविण्यासाठी प्रश्न :
(१) मत्तय ४:२४ मध्ये कोणते रोगी निरनिराळे सांगितले आहेत?
(२) झटका आला असता कोणत्या गोष्टी करू नयेत?
(३) बरे वाटले तरी औषध आपण होऊन का सोडू नये?
(४) आपल्या गावी असा कोणी आहे काय? ह्या आठवड्यात त्याच्या घरी कोण जाईल?