श्वासाचा भाता

लोहाराचा भाता आपण पाहिलाच असेल. भाता शाबूत असला, तरी तो ओढणारा हात थकला की वारा थांबतो. मोटर न्यूरॉन रोगात असेच घडते. फुप्फुसे बहुधा निरोगी असतात; परंतु स्नायूंना चालविणाऱ्या मज्जापेशी झिजल्याने श्वासपटल दुबळे होते.

पोलिओतही हे स्नायू लुळे पडतात. इ. स. १९२८ मध्ये बोस्टन येथे अशा एका मुलीस 'लोखंडी फुप्फुस' नामक बंद पेटीत प्रथम ठेवले गेले. १९५२ साली कोपनहेगन येथे साथ आली व यंत्रे पुरेनात; तेव्हा शेकडो विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हाताने पिशवी दाबून रोग्यांना श्वास दिला. आता लहानसे यंत्र मुखवट्यातून वारा देते व रोगी घरीच निजतो. रोग हटत नाही. पण झोप लागते आणि पुष्कळांचे आयुष्यही वाढते.

अशा रोग्यास उताणे निजवेना, सकाळी डोके दुखू लागले, दिवसा पेंग येऊ लागली, तर घरच्यांनी त्यास अंबाजोगाईच्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी विनाविलंब दाखवावे. यंत्र मिळाल्यास, वीज गेली असता चालेल अशी बॅटरीही विचारावी.

देवाने दिलेला श्वास राखण्यास यंत्राइतकाच उशाशी जागणारा सोबती लागतो, हे आम्ही कधी विसरू नये.