उद्देश्य आणि विधेय
"ऑन 20 मार्च 1927, बाबासाहेब अँड हिज फॉलोअर्स ड्रँक वॉटर फ्रॉम द चवदार टँक." या वाक्याचे उद्देश्य विचारले, की कोणी आरंभीची तारीख सांगतो, बहुतेक जण नुसते 'बाबासाहेब' म्हणतात. आम्ही सांगतो, आधी क्रियापद शोधा, मग विचारा: पाणी कोण प्याले? 'बाबासाहेब अँड हिज फॉलोअर्स' हे संपूर्ण उद्देश्य. उरलेले सारे, ती तारीखही, विधेय. 'अँड'पुढे आपलेच आजे-पणजे उभे आहेत, त्यांना गाळून कसे चालेल? मराठीत 'प्यालो' म्हणताच कर्ता कळतो. इंग्रजीत 'आय' किंवा 'वुई' लिहावेच लागते. 'वॉटर वॉज ड्रंक' हेही वाक्य शुद्धच. मात्र त्यात 'वॉटर' उद्देश्य होते आणि पिणारे दिसेनासे होतात. इतिहास शिकविताना अशी वाक्ये आम्हांस पुष्कळ भेटली.